घाईचा भाऊ

टीव्हीवर वेश बदललेला पोलिस दिसला की आमच्या मामाचं जेवण अर्धवट राहायचं. गणवेशातल्या पोलिसाबद्दल त्याची काही तक्रार नव्हती. पण दाढी वाढवून, गळ्यात रुमाल बांधून गुंडांच्या टोळीत घुसणारा एखादा पडद्यावर आला, की मामा घास ताटात परत ठेवायचा आणि त्याच्या मागे हात धुऊन लागायचा. “जोडे पाह्य त्याचे, जोडे,” तो मला सांगायचा. “हमाल झाला म्हनते अन् पायात चकचक जोडे. याले तं पयल्याच दिवशी गोदामातलं कुत्रं ओळखीन.”

ती मालिका शनिवारी रात्री लागायची, पण बाबा तेव्हा गोदामात असत, म्हणून आम्ही ती रविवारी दुपारी जेवताना पाहायचो, दुसऱ्यांदा दाखवत तेव्हा. तिच्यात तीन-चार साध्या वेशातले पोलिस होते. ते मुंबईच्या गुंडांमध्ये राहायचे आणि दर भागाच्या शेवटी खिशातून ओळखपत्र काढून दाखवायचे. मालिका वाईटच होती. तरी आम्ही एकही भाग चुकवला नाही, कारण मालिकेपेक्षा मामाला पाहण्यात मजा होती. नायक कोणाला नाव-गाव विचारायला लागला की मामा कपाळाला हात लावायचा. “अबे, असे सवाल कोनी विचारते का? सवाल विचारला का मानूस सावध होते.” बाबा हसून म्हणायचे, “तूच काहून नाही जात गा पोलिसात?” मामा ताटाकडे बघत म्हणायचा, “मले का समजते भाऊजी, मी अडानी मानूस.”

मामा आमचा सख्खा मामा नव्हता. आमच्या मागच्या खोलीत राहणारा भाडेकरू होता. शहराच्या टोकाला, वाडीला, अमरावती रोडच्या आतल्या अंगाला गोदामं आहेत, त्यांच्या पाठीमागे आमचं घर. बाबा एका गोदामात सुपरवायझर होते. शेजारच्या ट्रान्सपोर्टमध्ये नवा बुकिंग क्लार्क आला, त्याला खोली हवी होती, म्हणून बाबाच त्याला घरी घेऊन आले. एक पत्र्याची पेटी, एक वळकटी, खांद्यावर दुपट्टा आणि पायात एका बाजूने झिजलेल्या चपला. उजव्या चपलेचा अंगठा नाक्यावरच्या चांभाराकडून दोनदा शिवलेला. आईने त्या चपलांकडे बघूनच खोली दिली असावी, असं मला आता वाटतं. त्याने आम्हाला दिलेलं नाव खोटं होतं हे पुढे कळलं, आणि त्याच्या खऱ्या नावाशी आमचा काही संबंध नाही. मामा हे नाव आम्ही दिलेलं होतं, तेवढंच मी इथे वापरते.

गाव विचारलं की तो सांगायचा, “गाव धरनात गेलं, ताई. आता कोनाले दाखवू?” घर, शाळा, मारुतीचं देऊळ, सगळं पाण्याखाली. उन्हाळ्यात पाणी उतरलं की देवळाचा कळस दिसतो म्हणे. आईबाप कधीच वारलेले, भावकी पांगलेली. तो हे सांगत असताना आई भाकरी थापत होती, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं ते मी पाहिलं. पुढे कितीतरी दिवस ती त्याच्या गावाबद्दल असं बोलायची, जणू तिचंच माहेर बुडालं होतं. बुडालेल्या गावात चौकशीला कोणी जात नाही, ही गोष्ट आमच्यापैकी कोणाच्याही डोक्यात आली नाही. काहून येईल?

त्याची बोलण्याची एक तऱ्हा होती. तो कधी कोणाला काही विचारायचा नाही. चुकीचं बोलायचा. पानठेल्यावर उभा राहून म्हणायचा, “पांढुर्ण्याची गाडी आता काटोलवरून येतच नाही म्हनते,” की लगेच चार जण त्याला खोडून काढायचे. कोणती गाडी कुठून येते, कोण चालवतो, कुठे थांबते, सगळं फुकटात सांगायचे. मामा मान हलवून म्हणायचा, “मले का समजते बाप्पा.” आम्हाला तो जरा बावळट वाटायचा. आई त्याला स्वयंपाकातही दुरुस्त करायची. तो म्हणायचा, “ताई, गोळाभातात गोळे शेवटी टाकते न वं?” आणि आई गोळे कधी टाकायचे, भात किती शिजल्यावर टाकायचे, वरून फोडणी कशी द्यायची, ते हौसेनं समजावत बसायची. तिला इतकं कोणी कधी ऐकून घेतलं नव्हतं. खरं सांगायचं तर आमच्यापैकी कोणालाच इतकं कोणी ऐकून घेतलं नव्हतं.

खायचा मात्र मन लावून. नाक्यावरचे पोहे आणि त्यावर लालभडक तर्री, ती इतकी तिखट की त्याच्या टकलावर घाम यायचा आणि तो दुपट्ट्यानं डोकं पुसत पुसत आणखी मागायचा. रविवारी आमच्यासाठी पुडा बांधून आणायचा. माझ्या पुड्यात तर्री कमी असायची, कारण मला तिखट सोसत नाही हे त्यानं पहिल्याच आठवड्यात हेरलं होतं.

माझ्या बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षी पेपरच्या सकाळी ऑटोवाल्यांचा संप झाला. बाबा गोदामात, मी फाटकाशी रडत उभी. मामानं कामावर दांडी मारली, गोदामातून बाबांची स्कूटर मागून आणली आणि मला सेंटरवर नेऊन सोडलं. पेपर संपवून बाहेर आले तर तो समोरच्या कडुनिंबाखाली बसलेला, मांडीवर शेंगदाण्याच्या टरफलांचा ढीग. “तुम्ही गेला नाही?” मी विचारलं. तो म्हणाला, “वापस कोन आननार होतं तुले? तुहा मामा नाही का मी?” पुढे सगळं कळल्यावर मी कितीदा त्या झाडाखालच्या माणसाचा विचार केला. त्या दिवशी त्याला माझ्याकडून काय काढून घ्यायचं होतं? काहीच नव्हतं. म्हणजे तेवढं तरी खरं असेल, असं मी स्वतःला सांगायचे. मग वाटायचं, कामावरून दांडी मारायला कारण लागतं आणि मी ते कारण असेन. एकदा विश्वास तुटला की माणसाच्या चांगुलपणाचीही उलटतपासणी सुरू होते. मला याचा सगळ्यात जास्त राग येतो.

तो मामा कसा झाला ते सांगायला हवं. आईला भाऊ नाही. ती एकटीच, तिच्या आईबापांच्या पोटी दुसरं कोणी जगलं नाही. ज्या बाईला भाऊ नाही ती भाऊबीजेला चंद्राला ओवाळते, हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. आई लहानपणापासून ओवाळत आलेली. संध्याकाळी तबक घेऊन गच्चीवर जायची, पश्चिमेकडे तोंड करून पाट मांडायची, भोवती रांगोळी काढायची. बीजेचा चंद्र म्हणजे नखाएवढा, दिवस मावळल्यावर दिसतो न दिसतो आणि गोदामांच्या पत्र्यांमागे उतरून जातो. त्यामुळे आईची धांदल उडायची. निरांजन पेटवता पेटवता ती म्हणायची, “माहा भाऊ लय घाईचा हाये. आला नाही का निघाला.” दरवर्षी हेच वाक्य. आम्ही दरवर्षी हसायचो.

मामा आला त्या वर्षीच्या भाऊबीजेला तो गच्चीवर दुपट्टे वाळत घालत होता. त्यानं आईचं ते वाक्य ऐकलं आणि हसला. मग हातातला दुपट्टा दोरीवर टाकून म्हणाला, “ताई, मलेही बहीन नाही.” आई तबक हातात घेऊन तशीच उभी राहिली. मग तिनं चंद्राकडे पाहिलं आणि अगदी नेहमीच्या आवाजात, दूधवाल्याला सांगावं तसं म्हणाली, “आता तुले सुट्टी.” पाट फिरवला, मामाला त्यावर बसवलं, त्याच्या टकलावर टोपी नव्हती म्हणून बाबांचा रुमाल ठेवला आणि त्याला ओवाळलं. ओवाळणी म्हणून त्यानं खिशातून संत्रं काढून तबकात ठेवलं. दुसरं काही जवळ नाही म्हणाला. आईनं ते संत्रं दोन दिवस देव्हाऱ्यात ठेवून मग आम्हाला वाटलं. त्या दिवसापासून बाबा त्याचे भाऊजी झाले, मी भाची झाले.

आता भाऊजी आणि साळा म्हटलं की थट्टा आलीच. मामा बाबांना चिडवायचा, बाबा त्याला वेड्यात काढायचे. साळ्यापुढे आपण कमी आहोत असं दिसू देणं कोणत्याही भाऊजीला जमत नाही. बाबा तर तसे साधे, घरात त्यांचं कोणी फारसं ऐकायचं नाही. साळा मिळाल्यावर त्यांना रुबाब करायला एक हक्काची जागा मिळाली. दुसऱ्या दिवाळीला, भाऊबीजेच्याच जेवणाला, पाटवडीचा रस्सा वाढला होता आणि मामा सहज म्हणाला, “भाऊजी, तुमचं काम आरामाचं हाये बाप्पा. काटोलची संत्री उतरवा, संत्री चढवा. बाकी काय हाये त्या गोदामात?”

बाबा हसले. “येडा हायेस का गा तू? संत्र्याचे खोके वरतून असते, दोन थर. खालचं पाह्यलं का कधी?”

“खाली बी संत्रीच असन न.”

“संत्री म्हनते,” बाबा आईकडे बघून म्हणाले. “तुह्या भावाले सांग वं काही. बुधवारची गाडी मी सोता उतरवतो म्हून चालून राह्यलं सगळं.”

मग काय, कोणत्या बुधवारी, कोणत्या दारानं, माल कोणाकडे जातो, सगळं बाबांनी त्याला दुरुस्त करत करत सांगितलं. खालच्या थरात गुटखा असायचा, बंदी असलेला, राज्याच्या सीमेपलीकडून आलेला. हे बाबांना माहीत होतं. पगार चालू राहावा म्हणून ते गप्प होते. बाबा निर्दोष होते असं मी म्हणत नाही. तो माल खाऊन तोंडाचे रोग झालेली माणसं आमच्याच गल्लीत आहेत. पण ते वाक्य बाबांनी पोलिसाला सांगितलं नव्हतं, साळ्याला सांगितलं होतं, भाऊबीजेच्या ताटावर बसून. आईनं त्याला आग्रहानं आणखी एक वाटी रस्सा वाढला. तो म्हणाला, “मले का समजते भाऊजी,” आणि बोटं चाटली.

पुढच्या बुधवारी सकाळी तो नाश्त्याला आमच्याकडेच होता. आईनं पोहे केले होते. त्याचं ट्रान्सपोर्ट बाबांच्या वाटेवरच, म्हणून नेहमीप्रमाणे तो स्कूटरवर बाबांच्या मागे बसला. फाटकातून निघताना वळून आईला म्हणाला, “ताई, संध्याकाळी भरीत करजो वं.” आईनं वांगी भाजायला काढून ठेवली.

दुपारी गोदामावर धाड पडली. गल्लीतल्या एकानं धावत येऊन सांगितलं की सगळ्यांना गाडीत घालून नेलं, तुमच्या घरच्या दोघांनाही. दोघांनाही. आई तेव्हा रडली ती नवऱ्यासाठी जितकी, तितकीच भावासाठी. “त्या गरिबाचा काय संबंध होता?” ती म्हणत होती. “त्याले तं परवापर्यंत संत्र्याखाली काय हाये थेही मालूम नव्हतं.” मग तिनं डोळे पुसले, वांगी भाजली, भाकरी केल्या आणि दोन डबे भरले. एक बाबांचा, एक मामाचा. मामाच्या डब्यात ठेचा जास्त घातला. आम्ही दोघी ऑटोनं पोलिस ठाण्यात गेलो.

शिपायानं बाबांचा डबा घेतला. दुसऱ्या डब्याचं नाव ऐकून म्हणाला, “असा कोणी आत नाही.” आई हुज्जत घालायला लागली. सकाळी बरोबरच निघाले, माझा भाऊ आहे, नीट बघा. शिपाई आमच्याकडे जरा विचित्र नजरेनं पाहायला लागला. तेवढ्यात आतल्या खोलीचं दार उघडलं आणि मला टेबलाखाली एक जोडा दिसला. काळा, चकचकीत, लेस नीट बांधलेला. मग पॅन्ट दिसली, मग इस्त्रीचा शर्ट, मग तो. टेबलाच्या पलीकडे खुर्चीवर बसला होता. पलीकडे म्हणजे पोलिसांच्या बाजूला.

आईला पाहून तो उभा राहिला, हे मी खोटं सांगणार नाही. तोंड मात्र त्याचं नव्हतं. म्हणाला, “ताई, तुम्ही घरी जा. उगाच इथे थांबू नका. वकिलांशी बोला.” स्वच्छ, शहरी मराठी. आमच्या घरात दोन दिवाळ्या राहून त्यानं असं एकही वाक्य उच्चारलं नव्हतं. आई त्याच्या तोंडाकडे पाहतच राहिली. मला वाटलं ती शिव्या देईल, तबकातल्या संत्र्याची आठवण करून देईल. तिनं फक्त डबा थोडा वर धरला आणि म्हणाली, “तुह्यासाठी बी आनला होता.” त्यानं हात पुढे केला नाही. आम्ही तो डबा घरी आणला आणि आईनं तो गायीला घातला.

गोदामाचा मालक आठवडाभरात बाहेर आला. मोठ्या माणसांचे वकीलही मोठे असतात. बाबा पावसाळा लागेपर्यंत आत होते. बाहेर आले तेव्हा नोकरी गेलेली, गल्लीतल्यांचं आमच्याशी बोलणं थंडावलेलं, अंगावरचे शर्ट मोठे झालेले. केस अजून चालू आहे, तारखा पडतात. ते आता एका धर्मकाट्यावर बसतात, ट्रकांचं वजन बघतात. पण त्यांच्यात एक बदल झाला तो मला सहन होत नाही. समोर कोणी काहीही चुकीचं बोललं तरी बाबा गप्प बसतात. परवा शेजारचे काका बसले होते. काटोलच्या गाड्या वाडीत कुठून शिरतात यावरही ते काहीबाही ठोकून देत होते, आणि ज्या रस्त्यावर आयुष्य गेलं त्या रस्त्याबद्दल बाबांनी अवाक्षर काढलं नाही. पूर्वी ते एवढ्यावर तासभर भांडले असते.

आईनं मागची खोली पुन्हा भाड्यानं दिली नाही. भाऊबीजेला तिनं तबकही काढलं नाही. मी म्हटलं, चंद्राला ओवाळ, पूर्वीसारखं. ती म्हणाली, “त्याले मीच सुट्टी देल्ली. ज्याले लहानपनापासून ओवाळलं त्याले एका भाडेकरूसाठी सोडलं. आता कोन्या तोंडानं जाऊ?” पुढच्या वर्षीही नाही, त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. बाबांची नोकरी गेली त्याचा हिशेब मला मांडता येतो. आईचा चंद्र गेला त्याचं काय करायचं हे मला कळत नव्हतं.

पोलिसानं आम्हाला पकडलं याचं दुःख नाही. ते त्याचं काम आहे आणि बाबांचं चुकलं होतं. पण त्याला आमच्या पाटावर बसायची गरज नव्हती. खोली भाड्यानं घेऊनही काम झालं असतं. माझ्या आईचा भाऊ न होताही तिच्या नवऱ्याला आत टाकता आलं असतं.

मी गांधीबागेत एका कापडाच्या ठोक दुकानात काम करते. या वर्षी आमच्या दुकानात सगळ्यांच्या तोंडी त्या मालिकेचं नाव. दुसरा सीझन आला होता. “पहिला अगदीच फालतू होता,” माझ्याबरोबर काम करणारी शुभांगी म्हणाली, “पण हा पाह्य तू. आपल्या इकडचा हाये. इतका खरा वाटते न. माणुसकी हाये त्याच्यात.” मी म्हटलं, मला पोलिसांच्या मालिका आवडत नाहीत. पण एका रविवारी घरी आले तर बाबांनीच टीव्ही लावला होता, मालिकेचे सगळे भाग एकापाठोपाठ दाखवत होते. कोणीतरी त्यांनाही सांगितलं असणार.

या वेळी मुंबई नव्हती. विदर्भातलं कुठलंसं शहर, रस्त्यालगत गोदामं. नायक वळकटी घेऊन एका घराच्या मागच्या खोलीत राहायला येतो. कॅमेरा आधी त्याच्या पायांवर. पायात झिजलेल्या चपला, आणि उजव्या चपलेचा अंगठा शिवलेला. मी बाबांकडे पाहिलं. बाबा टीव्हीकडे पाहत होते. नायक चहाच्या टपरीवर मुद्दाम चुकीचं बोलतो आणि लोक त्याला दुरुस्त करतात. घरमालकीण त्याचं गाव विचारते, तो सांगतो, धरणात गेलं. शुभांगीला हे सगळं खरं वाटलं यात नवल नव्हतं.

आई मेथी निवडत बसली होती. तिचं टीव्हीकडे लक्ष नव्हतं, किंवा नाही असं ती दाखवत होती. मग गच्चीचं दृश्य आलं. घरमालकीण नऊवारी नेसून (आई पाचवारी नेसते), नाकात भलीमोठी नथ घालून चंद्रासमोर तबक घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, “माझा भाऊ ना, फार घाईचा. आला नाही की निघाला.”

आईचा हात मेथीतच थांबला. “हे तं मी म्हनलं होतं,” ती म्हणाली.

भाग संपल्यावर नावं सरकायला लागली, त्यांत ‘मार्गदर्शन’ म्हणून त्याचं नाव होतं. खरं नाव, जे आम्ही कोर्टात ऐकलं होतं, आणि पुढे ‘निवृत्त’. मला वाटलं होतं तो आमच्या घरातून एक केस घेऊन गेला. तो तर सगळंच घेऊन गेला होता, चपला, धरण, गोळाभात आणि आईचं वाक्य. आणि जे पुढे झालं ते पाहून तर मला टीव्ही फोडावासा वाटला.

शेवटच्या भागात, धाडीच्या आदल्या संध्याकाळी, नायक घरमालकाला अंगणात गाठतो. त्याचे डोळे भरलेले. म्हणतो, “भाऊजी, उद्या ड्यूटीवर जाऊ नका. कारण विचारू नका.” घरमालक जात नाही. वाचतो. गुंड पकडले जातात, आणि पुढच्या भाऊबीजेला घरमालकीण सगळं माहीत असूनही नायकाला ओवाळते. मागे सनई. दुकानात बायका या दृश्याबद्दल बोलताना रडल्या. माणुसकी म्हणत होत्या ती ही. म्हणजे आपण काय करायला हवं होतं ते मामाला पक्कं ठाऊक होतं. इतकं ठाऊक होतं की त्यानं ते मालिका लिहिणाऱ्यांना सांगितलं. फक्त त्या बुधवारी सकाळी आमचे पोहे खाताना त्याला ते सांगता आलं नाही, आणि तो बाबांच्याच स्कूटरवर मागे बसून गेला.

बाबांनी टीव्ही बंद केला. मग म्हणाले, “एवढं म्हनला असता न, तं मी थांबलो असतो. कारनही विचारलं नसतं.”

आई मेथीची जुडी गुंडाळत उठली. “भाऊ असता तं म्हनला असता,” ती म्हणाली आणि आत गेली.

या दिवाळीत भाऊबीजेला मी दुकानातून लवकर सुटले. घरी आले तर आई स्वयंपाकघरात नव्हती. गच्चीवर गेले. तिनं पश्चिमेकडे पाट मांडला होता, रांगोळी काढली होती, आणि तबकातलं निरांजन पेटवताना तिच्या काड्या वाऱ्यानं विझत होत्या. इतक्या वर्षांनी ती पहिल्यांदा वर आली होती. गोदामांच्या पत्र्यांवर चंद्र दिसत होता, नेहमीसारखा नखाएवढा. मी काडी ओढून दिली. तिनं अक्षता टाकल्या, ओवाळलं. मी सवयीनं त्या वाक्याची वाट पाहत राहिले. ते आलं नाही.

“आई, म्हन नं वं,” मी म्हटलं. “घाईचा हाये म्हून.”

“नाही. थे आता टीव्हीवरचं झालं.”

तिनं चंद्राकडे पाहिलं. मग नेहमीच्या आवाजात म्हणाली, “पन हा बरा हाये. ऐकते, अन् कोनाले सांगत नाही.”

खाली अमरावती रोडवर ट्रकांची रांग लागली होती. आई निरांजनाला हाताचा आडोसा करून, चंद्र पत्र्यांमागे उतरेपर्यंत तिथेच उभी राहिली.